वनौषधी-दर्शनाची रीत : पंचेंद्रियांच्या क्रमाने एक सामूहिक अभ्यास

वर्षा ऋतू ओसरू लागला की ठिकठिकाणच्या वैद्य संघटनांच्या व आयुर्वेद महाविद्यालयांच्या वनौषधी-दर्शन सहलींना आरंभ होतो. या सहलींचे सर्वसाधारण स्वरूप वैद्यवर्गास सुपरिचित आहे. पन्नास जणांची बस, पुढे झपझप चालणारे एक जाणकार, त्यांच्या पाठोपाठ नावे टिपून घेणारे दहा-बारा उत्साही आणि त्यांच्याही मागे गप्पांत रंगलेले उरलेले सर्व. जाणकार एखादी डहाळी मोडून हात उंच करतात व "हा कुडा" असे सांगतात. ती डहाळी हातोहात फिरत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते तोवर कोमेजलेली असते आणि पुढे आणखी दोन नावे उच्चारून झालेली असतात. दुपारच्या भोजनाच्या वेळी वहीत साठ नावे जमतात. त्यांतील किती वनस्पती पंधरा दिवसांनी जाणकारांच्या अनुपस्थितीत ओळखता येतात, हे ज्याचे त्याने पडताळून पाहावे.

प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे ते एवढेच की, वनौषधी-दर्शन हा नामसंग्रहाचा कार्यक्रम न मानता प्रत्यक्ष परीक्षेचा अभ्यास मानावा. त्यासाठी चालणे कमी करावे, बोलणे त्याहून कमी करावे आणि समूहाने मिळून थोड्या वनस्पती पुष्कळ वेळ पाहाव्यात. अलीकडे निसर्गसान्निध्याचे, अवधानपूर्वक वनविहाराचे अनेक सामूहिक उपक्रम लोकप्रिय झाले आहेत. सामान्य नागरिक त्यांकडे मनःशांतीसाठी वळतो. वैद्य आणि औषधी निर्माता यांना मात्र त्यांतून आणखी एक गोष्ट साधता येते, आणि ती त्यांच्या व्यवसायाच्या मुळाशी आहे.

या विषयाची निकड बाजारपेठेत दिसते. अशोकाच्या सालीच्या नावाखाली उद्यानांतील उंच, सरळ वाढणाऱ्या आसुपालवाची साल विकली जाते. अडुळशाच्या पानांत महारुखाची पाने मिसळलेली आढळतात. कुटजाच्या जागी काळा कुडा, पुनर्नव्याच्या जागी घोळीसारखी दिसणारी वसू, वावडिंगाच्या पोत्यात भलतीच फळे, अशी ही यादी प्रत्येक औषधी निर्मात्यास ठाऊक आहे. २०२१ साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यावर आयुष मंत्रालयाने जो आक्षेप घेतला तो वनस्पतीच्या ओळखीचाच होता. रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती याची खात्री करण्यात आली होती काय, असा तो प्रश्न होता. दिसण्यात साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीकडे पुढे बोट दाखविण्यात आले. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला व वाद अधिकच वाढला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एखाद्या रुग्णाने कुंपणावरील वेलीचा तुकडा आणून वैद्यापुढे ठेवला, तर तो पाहून वैद्याला निःशंकपणे काही सांगता यावे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. क्रिस्पाच्या खोडावर ठळक, दाट गाठी असतात आणि कॉर्डिफोलियाच्या खोडावरील पातळ पापुद्रा बोटाने सोलला की खाली हिरवा रंग दिसतो. हे वाचून कळते. ओळखू मात्र येते ते बोट लावल्यावरच.

शास्त्राची भूमिका याबाबत सुस्पष्ट आहे. मन इंद्रियांच्या संगतीत नसेल तर विषय समोर असूनही ज्ञान होत नाही, हेच चरकाचार्यांनी शारीरस्थानात मनाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. म्हणजे साठ नावे ऐकणाऱ्या सहलकराचे डोळे उघडे होते, वनस्पती समोर होती, तरीही प्रत्यक्ष घडले नाही, याची उपपत्ती ग्रंथातच आहे. सुश्रुताचार्य भूमिप्रविभागीय अध्यायात याच्याही पुढे जातात. औषधींची ओळख गोपाल, तापस, व्याध आणि अन्य वनचारी यांच्याकडून करून घ्यावी असे ते सांगतात. या सर्वांत समान काय आहे? ते वनात हिंडत नाहीत, वनात राहतात. एकच झाड त्यांनी उन्हाळ्यात, पावसात, पानगळीत पाहिलेले असते. चरकाचार्यांनी मात्र एक पुस्ती जोडली आहे : नाम-रूप जाणणे पुरेसे नाही, योजना जाणणारा तो खरा तत्त्वज्ञ. आपल्या पिढीची गंमत अशी की योजना पाठ आहे आणि रूपच हरवले आहे.

आता रीतीकडे वळू. समूह बारा ते पंधरा जणांचा असावा. अधिक संख्या असल्यास दोन गट करावेत, पण बस एक आहे म्हणून गट एक ठेवू नये. भ्रमणध्वनी बंद करून पिशवीत ठेवावेत. छायाचित्रे शेवटच्या अर्ध्या तासात काढावीत, कारण छायाचित्र निघाले की पाहण्याचे काम संपल्याचा समज मन करून घेते. स्थळी पोहोचल्यावर प्रत्येकाने परस्परांपासून दहा-बारा पावलांवर बसावे आणि वीस मिनिटे मौन पाळावे. या वेळेत कोणत्याही वनस्पतीचे नाव मनातसुद्धा घेण्याचा आग्रह धरू नये. प्रथम हे कृत्रिम वाटते आणि पहिली पाच-सात मिनिटे चुळबुळ होतेच. ती होऊ द्यावी.

पुढील क्रम पंचमहाभूतांच्या क्रमाने, म्हणजे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध असा ठेवला तर वैद्यांना तो लक्षात ठेवावा लागत नाही.

शब्दाचा अभ्यास मौनातच सुरू झालेला असतो. डोळे मिटून जवळच्या ध्वनीपासून दूरच्या ध्वनीकडे जावे : स्वतःचा श्वास, शेजारच्या गवताची सळसळ, वरच्या फांद्या, पक्षी, पाणी, अगदी शेवटी घाटरस्त्यावरील मोटार. नंतर ध्वनी किती ऐकू आले याची तुलना केली तर एकाच जागी बसलेल्यांची ऐकणी किती भिन्न होती हे कळते. विमानस्थानात आंत्रकूजन, संधिस्फुटन, स्वरविशेष हे श्रोत्रेंद्रियाने परीक्षण्यास सांगितले आहेत. नाडीवर बोट ठेवताच प्रश्न विचारू लागणाऱ्या आपणा सर्वांना हा सराव उपयोगी पडेल असे वाटते.

स्पर्शासाठी एक सोपा खेळ आहे. अमेरिकेतील निसर्गशिक्षक जोसेफ कॉर्नेल यांनी मुलांसाठी लिहिलेल्या १९७९ च्या पुस्तकामुळे तो जगभर पसरला. जोड्या कराव्यात. एकाचे डोळे उपरण्याने बांधावेत, दुसऱ्याने त्याला वळणे घेत एका वृक्षापाशी न्यावे व हात सालीवर ठेवून द्यावेत. खोडाचा घेर, सालीच्या भेगा, तिचा थंडावा किंवा ऊब, मुळांचे फुगवटे, असे सारे तीन-चार मिनिटे चाचपावे. मग परत आणून पट्टी सोडावी आणि आपला वृक्ष त्याने स्वतः शोधून काढावा. मुलांचा हा खेळ वैद्यांनी खेळताना वृक्ष निवडून घ्यावेत. ओढ्याकाठचा अर्जुन आणि वरच्या उतारावरील ऐन यांची जोडी सर्वोत्तम. दोघे एकाच टर्मिनॅलिया कुळीचे, दोघांच्या फळांना पंख, आणि सालीचे तुकडे पोत्यात शिरले की भल्याभल्यांचा गोंधळ. पण जिवंत अर्जुनाची साल हाताला गुळगुळीत लागते, पातळ पापुद्र्यांनी सुटते, रंगाने फिकट राखी असते. ऐनाची साल खोल चिरांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, मगरीच्या पाठीसारखी. एकदा बंद डोळ्यांनी हा भेद तळहातात उतरला की तो विसरत नाही.

येथे एक सूचना अत्यावश्यक आहे. डोळे बांधण्यापूर्वी गटप्रमुखाने त्या परिसरात खाजकुइली, बिब्बा आणि आग्या यांचे अस्तित्व स्वतः तपासावे. हेमंतात खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगांची कुसे वाऱ्यानेही उडतात. असा स्पर्शानुभव कोणाच्याही स्मरणात राहील, पण तो अभ्यासाचा हेतू नव्हे.

रूपाच्या अभ्यासासाठी कोरा कागद आणि शिसपेन्सिल पुरे. प्रत्येकाने एकच वनस्पती निवडून पंधरा मिनिटे तिचे चित्र काढावे. चित्रकला येत नाही ही सबब स्वीकारू नये. चित्र चांगले येणे हा मुद्दाच नाही. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, शिरा काठापर्यंत पोहोचतात की आतच वळतात, देठाच्या बुडाशी काही आहे काय, हे प्रश्न हात चालू लागला म्हणजेच पडतात. अशोकाचे पान संयुक्त आहे आणि आसुपालवाचे साधे, लांब व नागमोडी काठाचे आहे, हे वाक्य आपण विद्यार्थिदशेत लिहिलेले असते. दोन्ही पाने शेजारी ठेवून एकदा काढली की या दोन वृक्षांचे नाव एक कसे पडले याचेच आश्चर्य वाटते. चित्र पूर्ण झाल्यावरच गटप्रमुखाने नाव सांगावे. नाव आधी कळले की डोळे थांबतात.

रसाच्या बाबतीत आचार्यांनी दाखविलेला संयम लक्षणीय आहे. रुग्णपरीक्षेत सर्व इंद्रियांचा वापर सांगताना विमानस्थानात रसनेंद्रिय वगळले आहे आणि रसाचे ज्ञान अनुमानाने करावयास सांगितले आहे. द्रव्याचा रस मात्र जिभेशी संयोग होताच कळतो, असे सूत्रस्थान म्हणते. मग वनात काय करावे? प्रस्तुत लेखकाचे मत निःसंदिग्ध आहे : अनोळखी वनस्पती जिभेवर ठेवू नये, जाणकाराने स्वतः चाखून दाखविली तरीही नाही. श्रावण-भाद्रपदात रानोमाळ फुलणारी कळलावी किती सुंदर आहे आणि तिचा कंद किती घातक, हे येथे वेगळे सांगावयास नको. रसाचा अभ्यास वनात नव्हे, लागवडीच्या बागेत, ओळख पक्की असलेल्या वनस्पतींवर करावा. तेथे बेडकीच्या पाल्याचा, म्हणजे मेषशृंगीचा प्रयोग जरूर करावा. एक-दोन पाने चावून थुंकून टाकावीत, तोंड खंगाळावे व जिभेवर साखर ठेवावी. साखर वाळूसारखी लागते. काही वेळाने गोडी परत येते. पंधरा जण एकाच वेळी हा अनुभव घेतात तेव्हा प्रभाव, रस आणि रसनेंद्रिय यांवर जी चर्चा रंगते ती कोणत्याही परिसंवादात ऐकावयास मिळत नाही. कडू व गोडा इंद्रजव यांचे नमुनेही तेथेच चाखून पाहावेत. कुटज आणि काळा कुडा यांच्या बियांतील भेद जिभेइतका निःसंशय कोणीही सांगत नाही.

गंधासाठी गळून पडलेले पान पुरते, झाड ओरबाडण्याचे कारण नाही. याच ठिकाणी औषधी निर्मात्यांचे मोठे साह्य होऊ शकते. त्यांनी आपल्या कोठारातील कच्च्या द्रव्यांचे मूठमूठभर नमुने पुरचुंडीत बांधून सोबत आणावेत. उपलसरीच्या वेलीशेजारी बसून बाजारातून आलेल्या अनंतमुळाची पुरचुंडी उघडावी. पान, खोड, चीक यांची ओळख वेल देते. मुळाचा सुगंध पुरचुंडी देते. आणि दोहोंचा मेळ बसतो की नाही याचा विचार समूह करतो. गंध असूनही मूळ अधिक जाड व मांसल असेल तर दक्षिणेतील डेकॅलेपिसची शंका घ्यावी. अशी शंका एखाद्या निर्मात्याला त्या सावलीत आली तर पुढील खरेदीपूर्वी प्रयोगशाळेकडे नमुना जाईल, आणि सहलीचा खर्च भरून निघेल.

या क्रमानंतर समूहाने वर्तुळात बसावे. प्रत्येकाने आपण पाहिलेली, ऐकलेली किंवा स्पर्शिलेली एकच गोष्ट सांगावी. ती सांगत असताना कोणी दुरुस्ती करू नये. ज्येष्ठांसाठी हे मौन सकाळच्या मौनापेक्षा कठीण असते.

वरील सर्व एका दिवसाचे झाले. खरा लाभ मात्र एकाच स्थळी वर्षभरात सहा ऋतूंत सहा वेळा जाण्यात आहे. सहा वेगळी स्थळे पाहण्याची हौस आपल्याकडे फार. कल्पस्थानात चरकाचार्यांनी कोमल शाखा व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि पुष्प-फळे त्या त्या ऋतूत घ्यावीत असे सांगितले. हा नियम मुखोद्गत असलेल्या वैद्याने तो झाडावर घडताना पाहिलेला नसतो. पहिल्या पावसाबरोबर सफेद मुसळीची पाने वर येतात व कार्तिकापर्यंत सुकून जातात. नंतर त्या जागी गेलेल्याला तेथे काही होते याचा पत्ताही लागत नाही. पांढऱ्या कुड्याच्या दोन लांब, सडपातळ शेंगा सुट्या लोंबतात, तर काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची जोडी टोकाशी जुळलेली असते. हा सर्वांत सोपा भेद शेंगा धरल्याशिवाय दिसतच नाही. पान गळाल्यावर टेंटूच्या तलवारीसारख्या शेंगा निष्पर्ण फांद्यांवर लोंबताना दिसल्या की तो वृक्ष एक फर्लांगावरून ओळखू येतो. पानांच्या दाटीत तो डोळ्यांसमोरून निसटतो.

टेंटूखाली जरा अधिक वेळ थांबावे. दशमुळातील बृहत् पंचमूळ म्हणजे बेल, टेंटू, शिवण, पाडळ व अग्निमंथ. हे मूळ मिळविण्याचा शब्दशः अर्थ त्या वृक्षाच्या बुंध्याशी उभे राहिल्यावर ध्यानी येतो. दशमूळ भरडीचे पोते मागविणाऱ्या निर्मात्याने आणि दशमूलारिष्ट लिहून देणाऱ्या वैद्याने मिळून त्या बुंध्याकडे पाहावे, व मुळाऐवजी खोडाची साल वापरण्याचा प्रश्न, लागवडीचा प्रश्न, किमतीचा प्रश्न तेथेच बोलावा. मौन पाळणाऱ्या सहलीत बोलण्याची ही एक जागा राखून ठेवावी. सह्याद्रीतील नरक्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यातील कॅम्प्टोथेसिनला परदेशांत मागणी आली आणि घाटमाथ्यावरील झाडे बेसुमार तोडली गेली.

स्थानिक जाणकाराविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर समाजातील ज्या व्यक्ती वाट दाखवितात त्यांना आपण वाटाड्या म्हणतो. सुश्रुताचार्यांच्या वचनानुसार ते त्या दिवसाचे गुरू आहेत. त्यांचे मानधन आधी ठरवावे व तज्ज्ञ व्याख्यात्याच्या मानधनाशी त्याची तुलना करून पाहावी. त्यांनी सांगितलेले उपयोग त्यांच्या अनुमतीवाचून छापू नयेत.

सुरक्षितता व कायदा यांबाबत थोडक्यात. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून पान तोडणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार निषिद्ध आहे, त्यामुळे वनखात्याची लेखी अनुमती आधी घ्यावी. अत्तर, धूर व धूम्रपान टाळावे, कड्यावरील आग्या मोहोळाला ते खपत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः दोडामार्ग परिसरात २०१६ पासून गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तेथे हिवाळा-उन्हाळ्यात जमिनीवर बसण्याचा अभ्यास करू नये, आणि मृत माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य खात्यास कळवावे.

रुग्णांना असा वनविहार सांगावा काय, असा प्रश्न येतोच. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. रुग्ण अवघे ४६ होते. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान ही कल्पना मांडली व त्यावर तेथे पुष्कळ काम झाले. २०१९ च्या इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला दोन तास निसर्गात घालविणाऱ्यांनी स्वतःचे आरोग्य अधिक चांगले असल्याचे सांगितले. परंतु निरोगी माणसेच अधिक बाहेर पडतात, ही शक्यता त्यातून वजा होत नाही. म्हणून चिंता, अनिद्रा यांच्या रुग्णांस चिकित्सेला जोड म्हणून सकाळचा वनविहार अवश्य सांगावा. त्याला चिकित्सेचे नाव देऊन शुल्क आकारण्याची घाई करू नये.

शेवटी नोंदवहीविषयी. समूहाची एकच वही असावी व ती शाखेच्या कार्यालयात राहावी. प्रत्येक वनस्पतीला दोन पाने द्यावीत : डाव्या पानावर सहा ऋतूंसाठी सहा रकाने, उजव्या पानावर चित्र. रकान्यात केवळ स्वतः पाहिलेलेच लिहावे, ग्रंथातील काही नको. जो रकाना रिकामा राहील तो रिकामाच ठेवावा, म्हणजे पुढील वर्षी त्या ऋतूत कोणी जावयाचे हे आपोआप ठरते.